बिनचिठ्ठीची कवळी

दातताईने आयुष्यात दहा-बारा हजार माणसांची तोंडं आतून पाहिली होती; चेहरा मात्र त्यांतल्या एकाचाही पाहिला नव्हता.

ती दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. गावभरचे दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचा ठसा घेत आणि डब्यात घालून लॅबमध्ये पाठवत. मग मागच्या खोलीत बसून ताई त्या ठशात प्लास्टर ओतायची, जबडा तयार झाला की त्यावर मेण चढवायची आणि मेणात एकेक दात बसवून कवळी करायची. डब्यावर चिठ्ठी असायची. वय अडुसष्ट, स्त्री, वरची पूर्ण कवळी, रंग अमुक नंबर. नावाच्या जागी आकडा. कवळी तयार झाली की डबा आला तसा परत जायचा, आणि ती कोणाच्या तोंडात बसली, त्या माणसाने त्यानंतर पहिला घास कशाचा घेतला, तो हसला की रडला, हे ताईला कधी कळत नसे. बावीस वर्षं हे असं चाललं होतं. गल्लीतली माणसं तिला दातताई म्हणत आणि रस्त्यात भेटली की उगाच तोंड मिटून हसत.

काम आवडायचं तिला. पण डोक्यात एक किडा कायम वळवळत असायचा. प्लास्टरचा जबडा हातात घेतला की ती उजेडाकडे धरून बघायची. डावीकडचे दात जास्त झिजलेत, म्हणजे हा माणूस एकाच बाजूने चावतो. का बरं? दाढांचे माथे सपाट झालेत, म्हणजे झोपेत दात खातो. कशाची एवढी काळजी? मनातल्या मनात ती त्या जबड्याला नाक-डोळे लावायची, घर द्यायची, नोकरी द्यायची. विचारायची सोय नव्हती, त्यामुळे चुकायचीही भीती नव्हती.

ताईचे यजमान गाडी चालवायला शिकवत. त्यांना सगळे मास्तर म्हणत. बावीस वर्षांत शिकाऊ माणसांनी त्यांना भिंतीवर, खांबावर आणि एकदा तर नाल्याच्या कडेपर्यंत नेऊन आणलं होतं, पण त्यांना कधी खरचटलंही नव्हतं. शेवटी पाय मोडला तो घरच्याच जिन्यावर, हातात कपड्यांची बादली असताना. सहा आठवडे प्लास्टर. दुसऱ्याच्या पायाशेजारी ब्रेक घेऊन बसायची सवय असलेला माणूस खाटेवर पडून कंटाळला. मग ताईच्या धाकट्या दिराने आपल्याकडचं गेमचं यंत्र आणून टीव्हीला जोडून दिलं. एक तलवारवाला गडी गावोगाव हिंडतो, राक्षस मारतो, हळूहळू बळ कमावतो, असा तो खेळ. मास्तर दोन दिवसांत असे रमले की जेवायला हाक मारावी तर "हा एक राक्षस होऊ दे" म्हणू लागले.

ताई दारात उभी राहून कपड्यांच्या घड्या घालता घालता बघायची. मारामारीत तिला गम्य नव्हतं. पण खेळातल्या पहिल्याच गावात विहिरीपाशी एक बाई उभी होती, आणि तो गडी जवळ गेला की ती म्हणायची, "माझा भाऊ डोंगरापलीकडे गेलाय. तो परत येईल का?" मास्तर पुढे निघून जात. चार दिवसांनी ताईने विचारलं, की त्या बाईचा भाऊ सापडला का.

"कुठला भाऊ?"

"अहो, विहिरीपाशी ती उभी असते ना. डोंगरापलीकडे जाऊन आलात तुम्ही. तिथे बघितलंत का त्याला?"

मास्तरांनी पुन्हा त्या गावात जाऊन दाखवलं. डोंगर पार झाला होता, राजा बदलला होता, अर्धं जग जळून गेलं होतं, आणि बाई तेच म्हणत होती.

"भाऊबिऊ कोणी नाही गं," मास्तर म्हणाले. "ती नुसती ठेवलीय तिथे."

"नुसती ठेवलीय?"

हे उत्तर काही ताईच्या घशाखाली उतरेना. कोणीतरी बसून ते वाक्य लिहिलं असणार. भावाला डोंगरापलीकडे पाठवताना लिहिणाऱ्याच्या मनात काहीतरी असेलच की. मग त्याने पुढे का नाही लिहिलं? दीर पुढच्या खेपेला आला तेव्हा तिने त्याला खोदखोदून विचारलं. हे खेळ कोण करतं, कसं करतं, माणसांना बोलायला कोण लावतं. दिराने सांगितलं, मोठ्या कंपन्यांत शेकडो माणसं मिळून करतात; पण काही जण घरी बसून, एकट्याच्या हिमतीवरही करतात, त्यांना इंडी म्हणतात.

"एकटी बाई करू शकेल?"

"सुरू करू शकेल," तो हसत म्हणाला. "संपवत नाही कोणी. बहुतेकांचा खेळ पहिल्या गावातच राहतो."

तो काही वाईट बुद्धीने बोलला नव्हता, पण ताईला ते टोचलं. टोचण्यापेक्षाही तिला प्रश्न पडला, की माणसं पहिल्या गावातच का अडकत असतील.

मुलगी नोकरीनिमित्त परगावी गेली होती, तिचा जुना लॅपटॉप कपाटात होता. ताईने फोन करून विचारलं, तर मुलीने घाबरून आधी विचारलं की बाबांचा पाय बरा आहे ना. गेम करायचाय म्हटल्यावर मुलीने ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं, आणि मग पासवर्ड सांगितला. गेम बनवायचं एक फुकट सॉफ्टवेअर मिळतं, ते ताईने उतरवून घेतलं आणि एका रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसली. दुपारी दोनला पडद्यावर हिरव्या चौकोनांचं एक कुरण होतं आणि त्यात बोटाच्या पेराएवढा एक माणूस. तिने कळ दाबली. माणूस एक पाऊल चालला. ताईला एकटीलाच हसू फुटलं. तिने पुन्हा दाबली. माणूस चालत चालत घराच्या भिंतीतून आरपार गेला, तळ्यावरून कोरड्या पायांनी गेला आणि पडद्याच्या कडेवरून खाली पडून नाहीसा झाला.

तिला समजलं, की या यंत्राला भिंत म्हणजे काय हेच माहीत नाही. प्रत्येक चौकोनाला सांगावं लागतं: इथून जाता येतं, इथून येत नाही. संध्याकाळपर्यंत तिने सगळ्या भिंतींना भिंतपण दिलं.

खरी दातखिळी बसली ती माणसांना बोलतं करताना. पहिल्यांदा भेटल्यावर एक बोलायचं, दुसऱ्यांदा भेटल्यावर दुसरं, एवढंच तिला हवं होतं. शिकवणाऱ्या व्हिडिओतला माणूस भराभर काहीतरी व्हेरिएबल, स्विच असं म्हणत पुढे जायचा आणि ताई मागेच राहायची. तीन आठवडे यंत्रापुढे दातांच्या कण्या केल्या, पण काही उमजेना. मग एका मंगळवारी लॅबमध्ये, हातात पिवळा चिमटा घेऊन ती डब्यांच्या फडताळापुढे उभी होती. लॅबची पद्धत अशी: ठसा आला की डब्याला लाल चिमटा, काम मेणावर आलं की पिवळा, तयार झालं की हिरवा. चिमटा नसेल तर डब्याकडे बघून काहीच कळत नाही. ताई तशीच थांबली. म्हणजे हेच की. यंत्राला स्वतःहून काही आठवत नाही. भेट झाली की आपण चिमटा लावायचा, आणि पुढच्या वेळी बोलायच्या आधी त्याला चिमट्याचा रंग बघायला सांगायचं.

त्या दिवशी घरी येऊन तिने आधी लॅपटॉप उघडला. बेकरीवाला पहिल्यांदा म्हणाला, "नवीन दिसता." दुसऱ्यांदा म्हणाला, "आलात परत?" तिने मास्तरांना कुबड्या घेऊन स्वयंपाकघरात यायला लावलं आणि चार वेळा ते दाखवलं. मास्तरांना एवढ्यात काय मोठं ते कळलं नाही, पण बायकोचा चेहरा बघून ते छान म्हणाले.

आणि मग, चांगलं चाललेलं असताना, ताईला हाव सुटली. तिने मोठी वही घेतली. सात राज्यं झाली. प्रत्येक राज्याचा राजा, त्याचा सेनापती, फितूर प्रधान. चार जातींचे राक्षस. साठ शस्त्रं. तिने जन्मात तलवार धरली नव्हती, त्यामुळे तिच्या सगळ्या तलवारी मेण कोरायच्या सुरीसारख्या दिसायच्या. रोज सकाळी लॅबला जाण्यापूर्वी तासभर, रविवारी दिवसभर, असे आठ महिने गेले. एक ना धड, भाराभर चिंध्या. दोनशे पानांची वही भरली आणि पडद्यावर होतं एक अर्धं गाव, ज्यात फक्त बेकरीवाल्याला वाचा होती. त्यालाही एव्हाना काय झालं कोण जाणे, एकदा बोलायला लागला की थांबतच नसे, "आलात परत? आलात परत?" करत खेळणाऱ्याला जागेवर खिळवून ठेवी.

मास्तर तोवर बरे होऊन कामाला लागले होते. एका रविवारी त्यांनी वही चाळली आणि पडदा पाहिला. नमनालाच घडाभर तेल गेलंय हे त्यांना दिसलं होतं, पण ते तसं म्हणाले नाहीत.

"नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी मी त्याला घाटात नेत नाही," ते म्हणाले. "मोकळ्या मैदानावर नेतो. गाडी सुरू करायची, दहा फूट न्यायची, थांबवायची. दिवसभर तेवढंच. तुझं मैदान कुठलं?"

ताईला राग आला. दोन दिवस ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर बसली आणि वहीच्या पानांवर एकेक तिरपी रेघ मारत गेली. सेनापती गेला, प्रधान गेला, सातही राज्यं गेली. कोरं पान समोर आल्यावर तिने स्वतःला विचारलं, मला काय माहीत आहे? प्लास्टर माहीत आहे. मेण माहीत आहे. लॅबपासून घरापर्यंतचा रस्ता माहीत आहे. तोंडं माहीत आहेत, माणसं माहीत नाहीत.

त्यातूनच खेळ निघाला. एक रस्ता, अकरा दारं. दातांच्या लॅबमध्ये एक कवळी तयार होऊन पडली आहे, तिची चिठ्ठी हरवली आहे. खेळणाऱ्याने रस्त्यावर हिंडून ती कोणाची ते शोधायचं. लढाई नाही. बळ आणि चपळाईऐवजी अंगचे गुण चार: डोळा, हात, कान आणि धीर. समोरच्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं की कान वाढतो. मधेच तोडलं की कमी होतो. कान पुरेसा वाढला की माणसं आणखी काही सांगतात, जे आधी सांगत नव्हती.

मास्तर म्हणाले, "मारायचं नाही तर मग खेळणारा करणार काय?"

"विचारणार," ताई म्हणाली.

माणसं तिने लॅबच्या फडताळावरून उचलली. जुने प्लास्टरचे जबडे काही दिवस ठेवून द्यायची लॅबची पद्धत होती. त्यांत एक जबडा तिला फार आवडायचा. वरचे दात सगळे गेलेले, खालचे शाबूत, आणि खालच्या पुढच्या दातावर बारीक गोल खाच. दोरा दाताने तोडून तोडून पडलेली असणार. ताईने लगेच शिंपीणबाई लिहिली: लाजाळू, दबक्या आवाजात बोलणारी, सदा खाली मान घातलेली.

शिंपीणबाई लिहून महिनाही झाला नसेल. एका दुपारी लॅबचे मालक जेवायला गेले होते, ताई एकटीच होती, आणि जिन्यातून आवाज आला. मोठा, खणखणीत, प्रत्येक शब्द सुटा.

"कोण आहे इथे? माझे दात कोणी केले?"

दारात एक सत्तरीची ठेंगणी बाई उभी होती. पायांत कॅनव्हासचे बूट, काखेत पिशवी. पेशंट कधी लॅबमध्ये येत नसत. बावीस वर्षांत ही पहिलीच.

"मी केले असतील," ताई उठून उभी राहिली. "बसा ना आजी."

"आजी म्हणू नकोस, मला नातवंडं नाहीत. बाई म्हण. तू केलेस तर मला सांग, माझा स कुठे गेला?"

आणि बाईंनी आकडे म्हणायला सुरुवात केली. सहा, सात, सोळा, सत्तावीस. प्रत्येक स बरोबर बारीक शिट्टी वाजत होती. डॉक्टरांकडे त्या तीनदा जाऊन आल्या होत्या. सवय होईल, एवढंच उत्तर मिळालं होतं. मग त्यांनी डॉक्टरांच्या खोलीतल्या डब्यावरचा लॅबचा पत्ता वाचून ठेवला आणि सरळ इथे आल्या. एकतीस वर्षं त्यांनी बसस्टँडवर घोषणा केल्या होत्या. आता घरी थोरली बहीण होती, तिला दिसत नव्हतं, आणि रोज संध्याकाळी बाई तिला पेपर वाचून दाखवत.

"ती म्हणते, बातम्या सांगतेस की गाडी सोडतेस?" बाई म्हणाल्या. त्यांना हसू येत होतं, पण डोळे हसत नव्हते.

मालक जेवून आले, त्यांना सगळं सांगितलं. पेशंट लॅबमध्ये पाहून ते गडबडले. मग त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, तुमच्याच्याने होत असेल तर बघा, आणि झाल्यावर माझ्याकडे पाठवा. डॉक्टरांनी बाईंना दिलेल्या कार्डावरचा आकडा वाचून ताईने फडताळातून त्या आकड्याचा जबडा काढला आणि उजेडाकडे धरला. खालच्या पुढच्या दातावर बारीक गोल खाच.

शिट्टीचं कारण तिला कळलं होतं. पुढच्या दातांमागे, जिथे जीभ टेकते, तिथे कवळी अंमळ जाड राहिली होती. वाऱ्याला वाट अपुरी पडत होती. तिने यंत्रावर केसभर घासलं, धुऊन बाईंना दिली. सोळा. शिट्टी होतीच. पुन्हा केसभर. सोळा. थोडी कमी. ताई कान देऊन ऐकत होती. बावीस वर्षांत तिने आपल्या दातांना बोलताना ऐकलं नव्हतं. चौथ्या खेपेला बाईंनी एका दमात म्हटलं, "सकाळी सात वाजून सव्वीस मिनिटांनी सुटणारी बस फलाट क्रमांक सहावर लागत आहे," आणि शिट्टी नव्हती. मालक नकळत खुर्चीतून उठले, जणू त्यांनाच बस पकडायची होती.

बाई कवळीवरून जीभ फिरवत राहिल्या. ताईला राहवेना.

"बाई, एक विचारू? तुम्ही दोरा दाताने तोडता का?"

"मला सुईत दोरा ओवता येत नाही. का गं?"

ताईने खाच दाखवली. बाईंनी प्लास्टरचा स्वतःचा जबडा हातात घेऊन न्याहाळला आणि मोठ्याने हसल्या. ती पेन्सिलीची खूण होती. केबिनमध्ये एका हाताने माइकचं बटण दाबून धरावं लागे, दुसऱ्या हाताने वेळापत्रकाची पानं उलटावी लागत. मग पेन्सिल दातांत. एकतीस वर्षं. वरचे दात पडले, खालच्याने निशाणी जपली.

"आणि मी तुम्हाला शिंपीण केलं," ताई म्हणाली.

"कुठे केलंस?"

झालं, सगळं सांगावं लागलं. लॅबमध्ये ताईने गेमबद्दल कोणाला अक्षर सांगितलं नव्हतं. मालक चष्मा वर सरकवून ऐकत राहिले. सांगता सांगता ताईला आपली चूक दिसत गेली. एक दात बघून तिने एवढं मोठं माणूस रचलं होतं, आणि खरं माणूस समोर बसल्यावर त्यातलं एकही अक्षर जुळत नव्हतं. बाकीचे तरी जुळतील कशावरून?

बाई म्हणाल्या, "मला बघायचाय तो खेळ."

पुढच्या रविवारी त्या घरी आल्या. मास्तरांनी त्यांना खुर्ची दिली, ताईने कळा समजावून दिल्या. बाईंनी जन्मात असं काही खेळलं नव्हतं. पण समोर लिहिलेलं आलं की मोठ्याने वाचायचं, ही सवय हाडांत मुरलेली. पहिलं वाक्य पडद्यावर आलं आणि त्यांनी ते स्वयंपाकघरात घुमेल असं वाचलं: "मी अतिशय दुःखी असून मला आपल्या मदतीची नितांत आवश्यकता आहे."

वाचून त्या थांबल्या.

"असं कोण बोलतं गं? 'असून' कोणाच्या तोंडात येतं?"

ताई खाली बघू लागली. मनातल्या मनात वाचताना ते वाक्य चांगलं वाटलं होतं. त्या दुपारी बाईंनी खेळातलं प्रत्येक वाक्य वाचलं, आणि प्रत्येक वाक्य कसं लाकडी आहे ते ताईला स्वतःच्या कानांनी ऐकू आलं. न्हावी वकिलासारखा बोलत होता. म्हातारा चौकीदार सरकारी पत्रासारखा. एकटा बेकरीवाला बरा होता, कारण त्याला दोनच वाक्यं होती. त्याचा न थांबण्याचा रोग मात्र त्या दिवशीही उफाळला आणि मास्तरांना लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करावा लागला.

ताईने विचारलं, की शिंपिणीचं काय करू, काढून टाकू का.

"कशाला काढतेस? ठेव. पण तिला मोठा आवाज दे. शिंपिणीला मोठा आवाज नसतो असं कोणी सांगितलं?"

आणखी एक गोष्ट बाईंनी केली, जी ताईच्या ध्यानीमनी नव्हती. रस्त्यावर अकरा दारं होती, त्यांतली चारच उघडत. बाकीची सात नुसती चित्रं. बाई प्रत्येक दारापुढे जाऊन कळ दाबत, थोडं थांबत, पुन्हा दाबत. तिथे कोणी नाही असं ताईने सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मग दार कशाला काढलंस? दार दिसलं की माणूस ठोठावणारच."

खेळ पुरा करायला ताईने वर्षभर घेतलं. बाई दर दुसऱ्या रविवारी येत, नवीन लिहिलेलं वाचत, आणि जिथे जीभ अडखळे तिथे ताई खूण करी. हळूहळू ताई लिहायच्या आधी स्वतःच ऐकू लागली. लॅबखालच्या दुकानातला सायकल दुरुस्त करणारा गिऱ्हाइकाशी बोलताना वाक्य अर्धंच कसं सोडतो. नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबर आधीच्या प्लंबरला शिव्या दिल्याशिवाय पाना का उचलत नाही. सात दारांतली एकामागून एक सहा उघडली. सातव्या दारामागे कोण असावं हे तिला शेवटपर्यंत सुचलं नाही. तिथे ठोठावलं की आतून फक्त "आले, आले" असा आवाज येतो, आणि कोणी येत नाही.

दारांचे आवाज हवे होते. ते आयते मिळत होते, पण ताईला सगळी दारं सारखीच वाजलेली चालेनात. ती मोबाइल घेऊन गल्लीत निघाली. चावीवाल्याने त्याचं शटर तीनदा ओढून दाखवलं, आणि तिसऱ्यांदा मुद्दाम जास्त करकरवलं. जिन्यात समोरच राहणाऱ्या शेजारणीशी ताईचं नऊ वर्षांत कसं काय, बरं, याच्या पुढे बोलणं झालं नव्हतं. तिने बेल वाजवून सांगितलं, की तुमच्या दाराचा आवाज हवाय.

"माझ्या दाराला काय झालंय?" त्या धास्तावून म्हणाल्या.

काही झालेलं नाही, आवाज चांगला आहे, असं सांगितल्यावर त्यांनी दार उघडून-मिटून स्वतः ऐकलं, जणू प्रथमच. मग ताईला आत बोलावलं. दीड तासाने ताई बाहेर आली तेव्हा तिला कळलेलं होतं, की त्या दाराची वरची कडी त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने घडवली होती, आणि आवाज घ्यायचा राहूनच गेला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागलं.

ज्या सकाळी खेळ इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवला, त्या सकाळी ताईने कळेकडे चार वेळा बोट नेलं आणि चारही वेळा मागे घेतलं. मास्तर म्हणाले, लायसन्सच्या परीक्षेला सगळ्यांना असंच होतं. पहिल्या महिन्यात दोनशे बारा जणांनी तो घेतला. दोघांनी लिहिलं, की यात काही घडतच नाही. एकाने लिहिलं, न्हावी भिंतीत अडकतो. ते खरं होतं, ताईने त्याच दिवशी त्याला बाहेर काढलं. कुठल्याशा दूरच्या देशातल्या माणसाने लिहिलं, की मला तुमच्या भाषेतलं अक्षर कळत नाही, पण ते शटर मी वीस वेळा उघडलं. बाईंच्या बहिणीला पडदा दिसत नव्हता. बाईंनी तिला सगळा खेळ वाचून दाखवला आणि कुठल्या दाराकडे जायचं ते तिला ठरवू दिलं. तीन संध्याकाळी लागल्या. बहिणीने कवळीचा मालक बाईंपेक्षा आधी ओळखला, याचा बाईंना पुढे बरेच दिवस राग होता.

लॅबच्या मालकांनीही खेळ खेळला असावा. ते तसं बोलले नाहीत. पण एक दिवस ताई कामावर आली तर मागच्या खोलीत, तिच्या टेबलाशेजारी, एक नवी खुर्ची होती. मालक दुसरीकडे बघत म्हणाले, की अवघड काम असेल तर डॉक्टरांनी पेशंटला एकदा इकडे पाठवून द्यावं, असं मी सगळ्यांना कळवलंय. तुम्ही बघून, बोलून घ्या.

पहिल्या महिन्यात चार जण आले. पाचवा एक उंच, रुंद खांद्यांचा माणूस होता. चिठ्ठीवर वय सत्तावन्न, पुरुष, वरचे पुढचे सहा दात. त्याच्या खालच्या ओठाच्या आत घट्टा पडलेला होता आणि खालचे दात जरासे आत झुकलेले. जुनी ताई असती तर त्याला एव्हाना नाव-गाव मिळालं असतं.

"काय त्रास होतो?" तिने विचारलं.

"काही नाही."

तो खुर्चीच्या कडेवर बसला होता. ताई थांबली. यंत्राचा आवाज चालू होता.

"दिवसभर तोंडाने काय काय करता, ते सांगा," ती म्हणाली. "जेवणं सोडून."

माणूस थोडा बुचकळ्यात पडला. डॉक्टरांनी हे विचारलं नव्हतं, तो म्हणाला. मग पायाशी ठेवलेली लांबट काळी पेटी त्याने मांडीवर घेतली. तो क्लॅरिनेट वाजवत असे, तीस वर्षं. दात गेल्यापासून वरचा सूर पकडताच येत नव्हता, आणि ते अजून बँडमध्ये कोणाला त्याने सांगितलं नव्हतं.

"वाजवून दाखवू का, कुठे अडतं ते?" त्याने विचारलं.

ताईने यंत्र बंद केलं.